पांढरीवरचे घर

आपल्या गावगाड्याच्या जुन्या भाषेत जमिनीचे दोनच भाग होते. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे वावर आणि पांढरी म्हणजे गावठाण. काळीत पेरायचे आणि पांढरीवर राहायचे, असा तो सरळ हिशेब होता. आज तलाठ्याच्या दप्तरात हे शब्द फारसे दिसत नाहीत, पण वऱ्हाडातले जुने घर समजून घ्यायचे असेल तर सुरुवात ह्या दोन शब्दांपासूनच केली पाहिजे. घराचा नकाशा कागदावर येण्याच्या आधी तो ह्या मातीने ठरविलेला असतो.

काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकरी बंधूंना मी काय सांगावा? पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात तिला अशा भेगा पडतात की हातातली काठी निसटली तर अर्धी आत जाईल. कपाशीला ही उलथापालथ मानवते, भिंतीला मानवत नाही. काळीवर उथळ पाया घालून उभी केलेली भिंत दर साली थोडी उचलली जाते, थोडी खचते आणि चार-सहा वर्षांत तिला कोपऱ्यापासून तिरपी चीर जाते. शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत अशा चिरा पाहायला लांब जावे लागत नाही. जुन्या माणसांनी म्हणूनच काळी टाळली आणि उंचवट्याची, चुनखडीची फिकट जमीन गावासाठी धरली.

ह्या पांढरीचा आणखी एक अर्थ आहे आणि तो शिक्षक मित्रांना विशेष उपयोगी पडेल. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहिली, घरे पडली, पुन्हा उठली, चुलींची राख साठत गेली, म्हणजे त्या जागेची माती आपोआप उंच आणि पांढुरकी होते. गावाजवळ पांढरीचे टेकाड दिसले की संशोधक तेथे थांबतात, ते ह्यामुळेच. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून आपण तेथे यात्रेला जातो. त्या गावच्या पांढरीत १९६० नंतरच्या वर्षांत उत्खनन झाले आणि दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती उजेडात आली. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेच्या काठी भोन नावाचे गाव आहे. तेथे ह्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने खोदकाम केले, तेव्हा पक्क्या विटांचा प्राचीन स्तूप सापडला. त्या काळची वीट आजच्या विटेपेक्षा बरीच लांब, रुंद आणि जड असे. तेव्हा वीट ही आपल्याकडे कोणी परक्याने आणलेली वस्तू आहे, हा समज आपण मनातून काढून टाकावा.

वऱ्हाडात वीट आणि माती का, दगड का नाही, ह्याचे उत्तर नकाशात आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये पूर्णेचे खोरे. डोंगरावर गाविलगड पाहा, नरनाळा पाहा. सगळा काळ्या पाषाणाचा कारभार. पण खोऱ्यात उतरलात की नदीने हजारो वर्षे आणून टाकलेला गाळच गाळ. खोल विहीर खणली तरी कित्येक ठिकाणी खडक लागत नाही. दगड आणायचा तर तो कोसांवरून गाड्यांनी आणायचा. मग ज्यांच्या हाती सत्ता आणि पैसा होता, त्यांनीसुद्धा सपाटीवर विटेचाच आश्रय घेतला. अकोला जिल्ह्यातला बाळापूरचा किल्ला हे ह्याचे ठळक उदाहरण. मन आणि म्हैस ह्या नद्यांच्या मध्ये, उंचवट्यावर तो उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा ह्याच्याशी त्याची सुरुवात जोडली जाते आणि एलिचपूरचा, म्हणजे आजच्या अचलपूरचा, नबाब इस्माईलखान ह्याने १७५७ साली तो पुरा केला. त्याचे तट आणि बुरूज विटांचे आहेत. अडीचशे पावसाळे त्यांनी सोसले. आपण अकोल्याहून खामगावच्या वाटेने जात असाल, तर एकदा उतरून त्या भिंतीजवळ उभे राहावे आणि विटांचे थर बोटाने मोजावेत.

अशीच गोष्ट सातासमुद्रापलीकडे इंग्लंडातही घडली. त्या देशाच्या पूर्व भागात चांगला दगड कमी आणि चिकणमाती भरपूर. तेथल्या शेतकऱ्यांची जुनी घरे पुष्कळशी लाल विटांची आहेत. १७८४ साली तेथल्या सरकारने विटांवर कर बसविला, तो दर हजारी. लोक हुशार. त्यांनी वीटच मोठी पाडायला सुरुवात केली, म्हणजे संख्या कमी भरेल. सरकार त्याहून हुशार. त्याने ठरावीक मापापेक्षा मोठ्या विटेवर दुप्पट कर लावला. १८५० साली तो कर उठला. पण आजही तेथला जाणकार अशा घराच्या भिंतीला पट्टी लावतो आणि विटेच्या मापावरून काळाचा अंदाज बांधतो. भिंत वाचता येते, ती अशी. आपल्याकडे भिंतीत मजकूर कमी नाही, वाचणारा कमी आहे.

आता आपण आपल्या घरात शिरू. वऱ्हाडातल्या बऱ्यापैकी कास्तकाराचे जुने घर डोळ्यांपुढे आणा. देशमुखाची गढी नव्हे. गढी हा वेगळा प्रकार. उंच टेकाडावर मातीचे जाड तट आणि बुरूज उभारून केलेली ती संरक्षणाची जागा. पेंढाऱ्यांच्या धाडी पडत त्या काळात सारे गाव दागदागिन्यांसह तिच्या आडोशाला जाई. साधे घर ह्या गढीच्या सावलीत वाढले आणि गढीचे थोडे गुण त्याच्यात उतरले. बाहेरच्या भिंतीला खिडक्या जवळजवळ नाहीत. जोत्याला शक्य तेवढा दगड. त्यावर बाहेरून पक्की वीट, आतून पांढरी माती, आणि ऐपत नसेल तर सगळीच पांढरी. भिंतीची जाडी तळाशी दोन-तीन फूट, वर निमुळती होत गेलेली.

दारातून आत आले की ढेलज. दोन्ही बाजूंना ओटे, मध्ये वाट. गडीमाणूस, वाटसरू, सोयरा, ज्याची जेवढी ओळख तेवढा तो आत येणार, आणि ही पहिली पायरी ढेलजेत. तेथून पुढे चौक. चौकाच्या एका अंगाला बैठक, दुसऱ्या अंगाला कोठा, म्हणजे बैलांची जागा. समोर ओसरी, मागे माजघर, त्याच्या मागे सयपाकघर आणि देवघर. माजघरात उजेड कमी. नव्या पिढीला तो अंधार खटकतो आणि ते बरोबरही आहे. बायकांचे निम्मे आयुष्य त्या धुरात आणि अंधारात गेले, हे सांगितल्यावाचून जुन्या घराची थोरवी गाणे मला प्रशस्त वाटत नाही. भिंतीत दिवळ्या, खुंट्या, आणि धान्यासाठी भिंतीच्या पोटातच केलेले बळद. गावात उंच जागी जमिनीत पेव. त्यात जोंधळा राही.

घराचे माप फुटांनी सांगत नसत, खणांनी सांगत. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. "पाच खणांचे घर" म्हटले की ऐकणाऱ्याला घरही कळे आणि घरधनीही कळे. आणि येथे ह्या बांधणीतली मख्खी आहे, ती लक्षात घ्या. भिंत छपराचे ओझे वाहत नाही, निदान एकटी वाहत नाही. ओझे वाहतो लाकडी सांगाडा. दगडाच्या उथळ्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर बारीक लाकडांची दाट किलचण. मेळघाटच्या सागाने वऱ्हाडचे हजारो खण उभे केले आहेत. किलचणीवर कडुलिंबाचा किंवा पळसाचा पाला, त्यावर मातीचा चिखल आणि सर्वांत वर खारी. हे झाले धाबे.

ह्या खारीविषयी मला जरा सविस्तर बोलायचे आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे, तो साडेचार लाख हेक्टरांहून मोठा आहे. तेथल्या शेतकऱ्याला विचारा, खारी जमीन म्हणजे काय दुखणे आहे. पाऊस पडला की वरची माती लोण्यासारखी होते, पाणी आत मुरत नाही, वाळली की वर पापडी धरते. शास्त्र असे सांगते की, ह्या मातीत सोडियम नावाचे क्षार-द्रव्य जास्त असते. त्यामुळे मातीचे बारीक कण एकमेकांना धरून राहत नाहीत. ते पाण्यात सुटे होतात आणि मातीतली सूक्ष्म छिद्रे बुजवून टाकतात. वावरात हा दोष. पण तीच माती उचलून धाब्यावर टाका. पहिला पाऊस आला की कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी आत जायचे थांबते. ज्या गुणामुळे वावर बुडते त्याच गुणामुळे घर कोरडे राहते. ही गोष्ट कोणत्या प्रयोगशाळेने सांगितली नव्हती. ती कोण्या अनाम माणसाने पावसात धाब्यावर उभे राहून ताडली. उन्हाळ्याच्या अखेरीस खारीच्या गाड्या गावात येत आणि घरोघर धाब्यावर नवा थर पडे. घराची ती वार्षिक मशागतच होती.

उन्हाचेही तसेच. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिसाच्या पलीकडे जातो, हे आपण दर साल वर्तमानपत्रात वाचतो आणि अंगावर सोसतो. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला दहा-बारा तास लागतात. म्हणजे ती आत येते तेव्हा बाहेर रात्र असते आणि घरातली माणसे बाजा घेऊन धाब्यावर गेलेली असतात. चार-पाच इंची सिमेंटचा स्लॅब दुपारी तीन वाजताचे ऊन संध्याकाळी सातलाच आत सोडतो. मग पंखा फिरतो, पण तो तापलेला वाराच फिरवितो.

मग ही घरे मागे का पडली? त्याची सुरुवात फार जुनी आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तेथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. हाती पैसा खेळू लागल्यावर ज्यांना जमले त्यांनी नक्षीदार खांबांचे, दुमजली वाडे बांधले. रेल्वेबरोबर टिनाचे पत्रे आले, पुढे मंगलोरी कौले आली, मग सिमेंट आले. टिनाला खारी लागत नाही, दर साली वर चढावे लागत नाही. ज्याच्या घरात करणारे हात कमी झाले, त्याने टिन घातले, तर त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

दोन वर्षांपूर्वी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी मी काही विद्यार्थ्यांना घेऊन जुनी घरे मोजायला गेलो होतो. तेथे एका घरी दोघा भावांची वाटणी चालली होती. धाकटा गावात शेती करतो, थोरला नोकरीनिमित्त बाहेर. शहरातला एक लाकडाचा व्यापारी येऊन खांबांची, तुळयांची आणि दर्शनी चौकटीची किंमत सांगून गेला होता. किंमत वाईट नव्हती. लाकूड विकायचे, माती गावात ज्याला हवी त्याने न्यायची आणि मोकळ्या जागेचे दोन भाग करायचे, असे जवळजवळ ठरले होते. ते नाही तर चौकाच्या मधोमध भिंत घालायची.

घरात त्यांची वृद्ध आई होती. मला म्हणाली, "मास्तर, तुमी मोजून राह्यले त नीट मोजा. अन् ह्या दोघाइले सांगा का तुळई कोठून कोठपर्यंत जाते."

मी मोजले. मधली तुळई चौकाच्या ह्या अंगापासून त्या अंगापर्यंत, एका सलग लाकडाची होती. भिंत घातली असती तर ती तुळईच्या मधोमध आली असती. चौकाची नाली एकाच बाजूने बाहेर जात होती, म्हणजे दुसऱ्या भावाच्या वाट्याला पावसाचे तुंबलेले पाणी आले असते. वारा ढेलजेतून चौकात आणि चौकातून मागच्या दाराने निघून जाई, तोही अडला असता. हे मी दोघांना कागदावर काढून दाखविले. थोरला बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "मंजे घर वाटता येत नाही."

"वाटता येते ना, भाऊ," मी म्हटले, "पण लाकडाच्या कलाने वाटावे लागते."

शेवटी ढेलज, बैठक आणि तिकडची बाजू थोरल्याकडे गेली, मागचे खण आणि कोठा धाकट्याकडे. चौक आणि नाली सामाईक राहिली. व्यापाऱ्याला नाही म्हणून कळविले. मी काही फार मोठे काम केले, असे नाही. मोजणीचा कागद नसता तर ते घर त्या उन्हाळ्यात गेले असते, एवढे मात्र खरे. वऱ्हाडातली कितीतरी घरे कोणी वाईट बुद्धीने पाडली नाहीत. भाऊबंदकीत मधोमध भिंत आली आणि दहा वर्षांत दोन्ही बाजू बसल्या.

येथे एक धोक्याची गोष्टही सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तेथल्या घरांना जाड दगडी भिंती होत्या. आतबाहेरचे दगड नुसत्या मातीत बसविलेले आणि त्यांना एकत्र बांधणारे लांब दगड बहुधा घातलेले नव्हते. वर मातीच्या छपराचे ओझे, वर्षानुवर्षे थरावर थर चढवून वाढलेले. खांबांचा सांगाडा जेथे धड होता तेथे भिंती बाहेर ढासळल्या तरी छप्पर पुष्कळदा उभे राहिले, असे पाहणीत दिसून आले. तेव्हा जुने ते सगळे भक्कम, असे म्हणून कोणी डोळे मिटून बसू नये. खारी नवी टाकताना जुना थर खरवडून काढायचा असतो. तसे न करता दर साली भर घालीत गेलो तर तेच ओझे एके दिवशी माणसाच्या छातीवर येते. किल्लारीतच नव्हे, साध्या संततधार पावसातही येते.

म्हणून ज्यांचे घर आज उभे आहे त्यांना मी मृगाच्या आधीची चार कामे सुचवितो. खांबाचा तळ सुरीच्या टोकाने टोचून पाहावा. लाकूड पोकळ लागले तर वाळवी आत आहे. धाब्याची पन्हाळी मोकळी करावी आणि तिचे पाणी भिंतीपासून हातभर लांब पडेल अशी ती पुढे घ्यावी. भिंतीच्या पायाशी माती झिजून खोबण झाली असेल तर ती पांढरीनेच भरावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. गवंडी आग्रह करतो, दिसतेही झोकदार. पण मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंटचे कातडे चढविले की ओल आतच कोंडते, आतली माती मऊ होते आणि एके दिवशी गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो, तो भिंतीचे मांस घेऊनच. चुन्याचा किंवा शेण-मातीचा हात पुरे.

विल्यम मॉरिस नावाच्या कवी-कारागिराने १८७७ साली इंग्लंडात जुन्या इमारती राखण्यासाठी एक संस्था काढली. तिचे धोरण असे की, मोठा जीर्णोद्धार करण्याची पाळी येऊ देऊ नये, रोजची लहान डागडुजी करीत राहावे. आमच्या आयाबहिणी सणावाराला पोतेरे घेऊन भिंत सारवीत आल्या, त्यांनी ह्या माणसाचे नावही ऐकले नव्हते. आणि योगायोग पाहा. वर्ध्याजवळ सेवाग्रामला ज्या मातीच्या कुटीत गांधीजी राहिले, ती मुळात मीराबेनची, म्हणजे एका इंग्रज नौदल-अधिकाऱ्याच्या मुलीची. आजूबाजूच्या गावांत मिळेल त्याच सामानाने तेथे बांधायचे असा दंडक होता. त्या मातीच्या भिंती अजून उभ्या आहेत, कारण त्यांची रोज निगा राखली जाते.

शिक्षक मित्रांसाठी थोडे. भूगोलाच्या तासाला मुलांना गावातले एकच जुने घर द्यावे. फूटपट्टी, दोरी आणि चौकटीची वही एवढेच सामान. मुलांनी खण मोजावेत, भिंतीची जाडी दारापाशी मोजावी, विटेची लांबी-रुंदी-उंची घ्यावी आणि नाली कोठून कोठे जाते ते बाणाने दाखवावे. आजीला विचारून प्रत्येक भागाचे नाव वहीत लिहावे, ते आजी उच्चारील तसेच. पुस्तकातल्यासारखे सुधारून लिहू नये. ढेलज, दिवळी, बळद, किलचण हे शब्द ज्या वस्तूंचे आहेत त्या वस्तू गेल्या की शब्दही जातील, आणि मग ते शब्दकोशात सापडले तरी कशाला लावायचे ते कोणाला कळणार नाही. पारा चढेल त्या दिवसांत दुपारी तीन वाजता माजघरात आणि शेजारच्या स्लॅबच्या खोलीत एक-एक तापमापक ठेवावा. दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत आणि पुढचा पाठ मुलांनाच सांगू द्यावा. मोजणीचा कागद मात्र शाळेच्या कपाटात न ठेवता त्याची एक प्रत घरमालकाला नेऊन द्यावी.